रीसर स्टेडियम, कोर्व्हॅलिस : फुटबॉलचं सीझन तिकीट घ्यावं का?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात आमचं कोर्व्हॅलिस आहे. इथे नव्याने राहायला येणारी मराठी मंडळी मला हमखास दोन गोष्टी विचारतात. कढीपत्ता कुठे मिळतो आणि इथल्या ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉलचं सीझन तिकीट, म्हणजे हंगामभराचं तिकीट, घ्यावं का. पहिल्याचं उत्तर माझ्या खिडकीतल्या कुंडीत आहे, कधीही या आणि तोडून न्या. दुसऱ्याचं उत्तर २०२३ पर्यंत मी एका शब्दात देत होते : घ्या. आताही माझं मत तेच आहे, पण या तिकिटात काय काय बदललं ते पैसे भरण्याआधी माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. नवरा ऑरेगन स्टेट विद्यापीठात वनशास्त्रात पीएचडी करायला आला, त्याच्या पाठोपाठ मी आले. इथे गवताच्या बियाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरी आहे. आमचं विलॅमेट खोरं हिरवळीच्या गवताच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. जुलैत इथली शेतं आपल्याकडच्या पिकल्या भातासारखी पिवळी दिसतात. २०१० पासून रीसर स्टेडियममध्ये आमच्या दोन जागा आहेत, पूर्वेकडच्या स्टँडमध्ये, बऱ्याच वर.

फुटबॉलवेड मला नवीन नाही. वडील मला लहानपणी शाहू स्टेडियमवर घेऊन जायचे. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांची मॅच असली की पायऱ्यांवर बसायला जागा मिळायची नाही, आणि घरी आल्यावर वडिलांना दोन दिवस आवाज नसायचा. इथला फुटबॉल वेगळा आहे. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नियम दोन मॅचमध्ये समजतात. पण स्टँडमधली माणसं मला पहिल्याच दिवशी समजली. बाप मुलाला खांद्यावर घेऊन येतो, म्हाताऱ्या बायका अंगभर केशरी रंग घालून येतात आणि पंचाच्या निर्णयावर सगळी रांग एकदम उठते. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं.

आता मुद्द्याचं. सीझन तिकीट घेताना आपल्याला वाटतं की आपण एक खुर्ची विकत घेतोय. खरं तर आपण एक यादी विकत घेतो, त्या वर्षी कोण कोण आपल्या गावात खेळायला येणार त्याची. आणि ही यादी ठरते ती तुमचं विद्यापीठ कुठल्या कॉन्फरन्समध्ये आहे त्यावरून. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा एक गट. ते दरवर्षी आपापसात खेळतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकतात. आमची कॉन्फरन्स म्हणजे पॅक-१२. तिचं मूळ १९१५ सालचं. पोर्टलंडच्या एका हॉटेलात चार विद्यापीठांनी मिळून पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली : कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन (हे यूजीनचं, आमच्याहून वेगळं) आणि आमचं ऑरेगन स्टेट, तेव्हाचं ऑरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेज. पुढे गट वाढत गेला, नावं बदलली, तरी गाभा तोच राहिला. सगळी पश्चिमेची विद्यापीठं, एकमेकांच्या गावांना गाडीने किंवा छोट्या विमानाने जाता येईल अशी.

हे सगळं चौदा महिन्यांत उधळलं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेन या मध्यपश्चिमेच्या कॉन्फरन्समध्ये जाणार असं जाहीर झालं. बिग टेनने त्याच उन्हाळ्यात टीव्ही कंपन्यांशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. इतका पैसा एका बाजूला दिसल्यावर उरलेल्यांचे पाय एका जागी ठरेनात. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो गेलं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये गेले, ॲरिझोनाची दोन्ही आणि युटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (वर आलेलं कॅलिफोर्निया), म्हणजे पॅसिफिक महासागराला खेटून असलेली दोन विद्यापीठं, ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाली. मागे राहिले दोघंच. आम्ही आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. दोन्ही शेतकी विद्यापीठं, दोन्ही लहान गावांतली. आमच्या गावांत टीव्ही कमी आहेत, हाच आमचा गुन्हा.

४ ऑगस्टच्या त्या संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून घरी येताना किराणा दुकानात थांबले होते. रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंनी केशरी टोपी घातली होती. काउंटरवरच्या मुलाने टोपीकडे पाहिलं आणि नुसतं "सॉरी" म्हणाला. कुणी गेल्यावर समाचाराला आल्यासारखं. त्या बाईंनी मान हलवली आणि दुधाचा डबा उचलून निघून गेल्या. मी गाडीत येऊन बसले तेव्हा मला रडू आलं, आणि ते सांगायला मला काहीच वाटत नाही. कोल्हापूरकरांना सांगायचं तर असं समजा की उद्या पाटाकडील तालीम उठून दुसऱ्याच राज्याच्या लीगमध्ये गेली, का, तर तिकडे टीव्हीचे पैसे जास्त. शिवाजी तरुण मंडळाशी मॅच? बघू, जमलं तर. पेठेतली माणसं काय म्हणतील? इथे तसंच झालं, आणि जागांचे पैसे भरणाऱ्या एकाही माणसाला कुणी विचारलं नाही.

मागे राहिलेले दोघं गप्प बसले नाहीत. पुलमनजवळच्या कोलफॅक्स गावातल्या कोर्टात दावा लावला. जाणाऱ्या दहाजणांनी कॉन्फरन्सच्या तिजोरीवर मतं का टाकावीत, हा साधा प्रश्न. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी कॉन्फरन्सचा कारभार या दोघांच्या हाती दिला आणि डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. एनसीएए म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणारी देशातली संस्था, तिच्या नियमाप्रमाणे कॉन्फरन्सला आठ सदस्य लागतात, कमी पडले तर दोन वर्षांची सवलत मिळते. या सवलतीच्या दोन वर्षांत, म्हणजे २०२४ आणि २०२५ मध्ये, आमच्या कॉन्फरन्समध्ये संघ होते फक्त दोन. मी ज्याचा अभिप्राय लिहितेय ते तिकीट या दोन वर्षांचं आहे.

२०२४ ची यादी कशी जमवली? माउंटन वेस्ट नावाच्या शेजारच्या कॉन्फरन्सला दोघांनी मिळून १.४ कोटी डॉलर दिले आणि त्यांच्या संघांशी सामने ठरवले. घरी सात मॅच मिळाल्या. आयडाहो स्टेट, ऑरेगन, पर्ड्यू, कोलोरॅडो स्टेट, यूएनएलव्ही, सॅन होजे स्टेट आणि शेवटी वॉशिंग्टन स्टेट. सातही शनिवारी. इतक्या घाईत जोडलेली यादी, त्या मानाने चांगली होती, असं मी म्हणेन.

पण त्यातल्या एका नावावर बोट ठेवायला हवं. ऑरेगन. त्यांचं गाव यूजीन, इथून जेमतेम ६५ किलोमीटर. हा सामना १८९४ पासूनचा. आणि तो बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या शेवटी व्हायचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास. गावातल्या अर्ध्या घरांत एक तरी माणूस यूजीनला शिकलेला असतो, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरच भांडण सुरू व्हायचं आणि शनिवारी स्टेडियममध्ये मिटायचं. २०२२ ची मॅच माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा पश्चिमेचा जुना स्टँड पाडलेला, आमच्यासमोर क्रेन आणि उघडे लोखंडी सांगाडे. आम्ही १०-३१ असे मागे. मग आमच्या पोरांनी चेंडू फेकायचा जवळजवळ सोडूनच दिला, नुसता हातात धरून धडका मारत सुटले. ३८-३४ ने जिंकलो. अर्ध्या स्टेडियमचा आवाज पूर्ण स्टेडियमइतका होता.

२०२४ ला हीच मॅच १४ सप्टेंबरला ठेवली, कारण नोव्हेंबरात ऑरेगनला त्यांच्या नव्या कॉन्फरन्सचे सामने. सप्टेंबरात इथे उन्हाळा संपलेला नसतो. आमचा स्टँड पूर्वेकडचा, म्हणजे तोंड पश्चिमेला, ऊन सरळ डोळ्यांत. कॉलेज अजून उघडलं नव्हतं, कारण इथलं सत्र सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं. त्या मॅचला स्वेटर घालून, हातात गरम कप धरून बसायची इतक्या वर्षांची सवय, आणि आम्ही टोप्यांची सावली करून घामाघूम. १४-४९ ने हरलो. हरण्याचं दुःख मला तितकं नाही, ऑरेगन त्या वर्षी फार चांगला संघ होता. पण सणाची तारीख सरकवली की सण राहत नाही. दिवाळी श्रावणात घेतली तर फराळ तोच असेल, पण उटणं लावून पहाटे कुडकुडणार कसं?

माझ्या शेजारी, स्टँडच्या आमच्याच सेक्शनमध्ये, एक आजोबा बसतात. आजोबा मी मनात म्हणते, तोंडावर त्यांच्या नावाने हाक मारते, इथली रीत तशी. गवताचं बियाणं पिकवणारे शेतकरी, ऐंशीच्या घरात. ते १९६७ ची गोष्ट सांगतात आणि मी दर वर्षी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते. त्या वर्षी देशात पहिल्या क्रमांकावर असलेला यूएससी इथे आला होता, मैदान चिखलाने भरलेलं, आणि आमच्या संघाने त्यांना ३-० ने हरवलं. त्या संघाला अजून 'जायंट किलर्स' म्हणतात. आजोबा तेव्हा विद्यार्थी होते. २०२४ मध्ये त्या ऑरेगनच्या मॅचला शेवटच्या, चौथ्या भागात लोक उठून जायला लागले तेव्हा मी त्यांना विचारलं, "तुम्ही नाही निघत?" ते म्हणाले, "मी कुठे जाऊ? मी कधी कुठल्या कॉन्फरन्समध्ये नव्हतोच. मी सेक्शनमध्ये आहे."

बाकीच्या मॅच भराभर सांगते. पर्ड्यू हा बिग टेनचा संघ इथे येऊन ३८-२१ ने हरून गेला, तेव्हा स्टँडमध्ये जो आनंद झाला त्यात थोडा हिशोब चुकता केल्याचा भाग होता. कोलोरॅडो स्टेटची मॅच दोन जादा डावांपर्यंत गेली, ३९-३१. ती पैसा वसूल. यूएनएलव्ही आणि सॅन होजेला हरलो.

बाहेरगावच्या सामन्यांबद्दल एक सावधगिरीचा शब्द. पॅक-१२ चं स्वतःचं टीव्ही चॅनल जून २०२४ मध्ये बंद झालं. घरचे बरेचसे सामने सीडब्ल्यू या चॅनलवर होते, ते साध्या अँटेनावर दिसतं, पैसे पडत नाहीत. बाहेरचे सामने मात्र इकडे तिकडे विखुरलेले. नेवाडाची मॅच बघायला मी एका स्ट्रीमिंग सेवेचं महिन्याचं वर्गणीपत्र घेतलं. नाव लिहीत नाही. दुसऱ्या अर्ध्यात चित्र अडकलं ते शेवटपर्यंत हललं नाही, स्कोअर मी फोनवर वाचला, ३७-४२. तक्रार केली तर मशीनने लिहिलेली तीन उत्तरं आली, आणि पैसे परत मिळायला जानेवारी उजाडला. त्यामुळे माझा सल्ला असा : घरचे सामने स्टेडियममध्ये बघा, बाहेरचे कुणाच्या तरी घरी चार जण मिळून बघा. प्रत्येकाने वेगवेगळे पैसे भरू नका.

आणि मग २३ नोव्हेंबर. वॉशिंग्टन स्टेट. दोन संघांच्या कॉन्फरन्समधली त्या वर्षीची एकुलती एक मॅच. सलग पाच सामने हरून आम्ही तिथवर आलो होतो, आणि ते आठ जिंकून.

पार्किंगमध्ये आम्ही दर वेळी थालीपीठं आणि लोण्याचा डबा नेतो. मॅचच्या आधी गाडीच्या मागच्या बाजूला टेबल मांडून खायचं, सगळेच तसं करतात. त्या दिवशी आमच्या शेजारच्या गाडीवर वॉशिंग्टनची नंबरप्लेट होती. चौघंजण पुलमनहून सात-आठ तास गाडी चालवून आलेले, अंगात गडद लाल जॅकेट. एरवी दुसऱ्या संघाच्या माणसांशी इथे थट्टामस्करी चालते, थोडी टोचून. त्या दिवशी आमच्या ओळीतल्या एका माणसाने शेगडीवरची सॉसेजं ताटात घालून न विचारता त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मी थालीपीठं नेली. त्यांच्यातल्या एका बाईने लोणी लावून थालीपीठ दुमडलं, एक घास खाल्ला आणि विचारलं, "हे कशाचं?" मी भाजणी समजावून सांगायला लागले : ज्वारी, हरभरा, धणे... ती म्हणाली, "आम्ही हरभरा पिकवतो." पुलमनच्या भोवतीच्या मुलखाला पलूस म्हणतात, ते तर हरभऱ्याचं आणि मसुराचंच रान. पुढची वीस मिनिटं आम्ही फुटबॉलबद्दल एक शब्द बोललो नाही.

मॅच सुरू झाली आणि ती तशी साधी मॅच नव्हतीच. कधी ते पुढे, कधी आम्ही. शेवटची मिनिटं, ३८-३८. आमच्या किकरला ५५ यार्डांवरून चेंडूला लाथ मारून तो दोन खांबांच्या मधून घालवायचा होता, जवळपास अर्धं मैदान. आजोबा उभे राहिले, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, एरवी ते बसूनच असतात. त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. चेंडू उडाला तो आधी उजवीकडे जातोय असं वाटलं. मग दिव्यांच्या उजेडात तो फिरत फिरत खांबांच्या मधून गेला. ४१-३८. माझ्या खांद्यावर त्यांची बोटं इतकी रुतली की दुसऱ्या दिवशी निळं पडलं होतं. खाली लाल जॅकेटवाले मान खाली घालून उभे होते, आणि आमच्या बाजूचे काही लोक पायऱ्या उतरून त्यांच्याशी हात मिळवायला गेले.

पाचपैकी मी २०२४ च्या तिकिटाला चार देईन. एक कमी केला तो ऑरेगनच्या तारखेचा.

२०२५ ला मात्र दोनच. खोटं कशाला बोलू? बारापैकी दोन सामने जिंकले, मुख्य प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्यात काढलं. कॅल इथे आलं ते ॲटलांटिक कोस्टचा संघ म्हणून, आणि जिंकून गेलं. वॉशिंग्टन स्टेटशी एकाच महिन्यात दोनदा खेळलो, कारण यादी भरायला दुसरं कुणी नव्हतं. १ नोव्हेंबरला इथे १०-७ ने जिंकलो, २९ ला तिकडे हरलो. एकाच महिन्यात दोनदा व्याह्यांकडे जेवायला जावं तसं झालं. दुसऱ्यांदा बोलायला काही उरत नाही.

आता २०२६. या हंगामापासून पॅक-१२ पुन्हा आठ फुटबॉल संघांची होतेय. बॉइसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सास स्टेट येतायत. गोन्झागाही येतंय, पण त्यांचा फुटबॉल संघ नाही, बास्केटबॉलसाठी. यातले पाच माउंटन वेस्टमधून उचललेले आहेत. म्हणजे आमच्यावर जे झालं तेच आम्ही दुसऱ्या कॉन्फरन्सवर केलं, हे मला टोचतं आणि ते मी लपवणार नाही. वायोमिंगच्या किंवा नेवाडाच्या कुठल्या तरी दुकानात कुणीतरी कुणाला "सॉरी" म्हणालं असेल. तरीही आठ संघ असल्याशिवाय कॉन्फरन्स राहत नाही, आणि कॉन्फरन्स नसेल तर यादी दर वर्षी हात पसरून जमवावी लागते. दोन वर्षं ती तशी जमवताना मी पाहिली आहे. म्हणून मी पैसे भरले.

घेणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. पश्चिमेचा नवा स्टँड २०२३ ला उघडला, सुंदर आहे, तिथे दुपारी ऊन पाठीशी असतं, पण जागा महाग. लहान मुलं असतील आणि बजेट बेताचं असेल तर पूर्वेकडे वर घ्या. टोपी आणि गॉगल सप्टेंबरात हवाच. वरून मैदानाचा पूर्ण नकाशा दिसतो, खेळ शिकायला तीच जागा उत्तम. आमच्या दोन जागांचे वर्षाचे पैसे एका माणसाच्या भारतात जाण्या-येण्याच्या तिकिटाच्या निम्म्याहूनही कमी होतात. ऑक्टोबरनंतर छत्रीचा उपयोग नाही, मागच्यांना दिसत नाही. चांगला रेनकोट घ्या आणि बसायला गादी. अॅल्युमिनियमचा बाक नोव्हेंबरात बर्फासारखा लागतो. पिशवी पारदर्शकच न्या. तिकीट फोनवर असतं, घरून निघण्याआधी उघडून ठेवा. खाऊ पार्किंगमध्येच पोटभर खाऊन घ्या.

आणि एक. आमच्या रांगेत आजोबांच्या पलीकडे दोन जागा आहेत. तिथे एक जोडपं बसायचं, नवरा इथला, बायको यूजीनची. अर्धं केशरी, अर्धं हिरवं. ऑरेगनची मॅच सप्टेंबरात गेल्यावर त्यांनी तिकीट सोडलं, ते फक्त त्या एका मॅचसाठी घेत होते. दोन वर्षं त्या जागा रिकाम्या आहेत, आजोबा त्यांवर आपला रेनकोट ठेवतात. मी तिकीट खिडकीवर विचारून आले, २०२६ साठी त्या अजून मिळतात. कुणी मराठी मंडळी घेणार असाल तर थालीपीठं मी आणेन, लोणचं तुम्ही आणा. आणि १९६७ ची गोष्ट आजोबा सांगायला लागले की पहिल्यांदा ऐकताय तशी ऐका, तुम्ही तर खरंच पहिल्यांदा ऐकत असाल.